बेंच ड्रिलचा चक निसटतो

प्रश्न: नवं बेंच ड्रिल मशीन स्वतःच जोडलं. भोक पाडताना चक निसटून खाली येतो, भोकही तिरकं जातं. काय चुकलं?

उत्तर: आधी प्लग काढा. गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेलं ग्रीस तसंच राहिलं असणार. चक टेपरवर केवळ घर्षणाने टिकतो. तेलाचा पुसट थरही ती पकड घालवतो. थिनरने दोन्ही टेपर पुसून कोरडे करा, चकचे जबडे पूर्ण आत घ्या आणि लाकडी मोगरीने खालून एक नेमका ठोका द्या.

तिरक्या भोकासाठी टेबल तपासा. वाकवलेली तार चकमध्ये धरून टोक टेबलाला जेमतेम टेकवा आणि चक हाताने फिरवा. कुठे घासली, कुठे फट दिसली, तर टेबलाखालचा बोल्ट सैल करून जुळवा.

माइल्ड स्टीलमध्ये १० मिमी ड्रिलला मिनिटाला सुमारे ८०० फेरे पुरतात. पट्टा त्या पुलीवर घ्या. मशीन कामाच्या बाकाला बोल्टने आवळा, जॉब व्हाइसमध्येच धरा. हातमोजे मात्र अजिबात नकोत! फिरत्या ड्रिलमध्ये कापड अडकलं की बोटं त्यासोबत खेचली जातात. चकची चावी काढल्याशिवाय स्विचला हात लावू नका.