आयर्लंडातील जळाऊ माती

आपल्याकडे गोवऱ्या थापून उन्हात वाळवितात, हे वाचकांस ठाऊकच आहे. आयर्लंडातील खेडुतांनी मात्र शेकडो वर्षे जमीनच कापून चुलीत घातली! ह्या जळणास पीट म्हणतात.

वास्तविक ही माती नव्हेच. तेथील दलदलींत स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. साचलेल्या आंबट पाण्यात हवा शिरत नाही, म्हणून मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही, व थरावर थर बसत जातो. तोही वर्षास सुमारे 1 मिलिमीटर. म्हणजे पुरुषभर थरास दीड हजारांहून अधिक वर्षे लागतात! 1821 साली गॉलवे परगण्यात अशाच दलदलीतून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मनुष्याचे प्रेत कातडीसकट निघाले.

जमीन इतकी निकस की, दवबिंदू नामक वनस्पती चिकट केसांनी कीटक धरून पोट भरते. (हिची भावंडे आमच्या कासच्या पठारावरही आहेत.) बाकदार चोचीचा कर्ल्यू पक्षी तेथे घरटे करितो.

गरिबाच्या घरी ऊब ह्याच विटांची. परंतु 1946 साली सरकारने बोर्ड ना मोना हे मंडळ स्थापिले. यंत्रांनी चर खणून दलदली सुकविल्या, आणि हजारो वर्षांचा साठा वीज-कारखान्यांत जळू लागला. सुकलेल्या पीटमधून कार्बनचा वायूही सुटतो. 2021 साली मंडळाने पीट काढणे कायमचे थांबविल्याचे जाहीर केले. 2022 पासून दुकानांतील विक्रीस बंदी झाली. मात्र वहिवाटीचा हक्क असणाऱ्यास घरापुरते कापता येते. म्हाताऱ्या माणसाच्या थंडीचा विचार करिता ह्या सवलतीस आम्ही नावे ठेवीत नाही. मंडळ आता तेच चर बुजवून पाणी पुन्हा अडवीत आहे.