दाविदाने न प्यायलेलं पाणी

आजचं वाचन: २ शमुवेल २३:१३-१७
सोबत वाचा: १ शमुवेल २१:१-६, अनुवाद २२:८, अनुवाद २४:१४-१५, स्तोत्र १२१



मे महिना चालू आहे. आपल्या जिल्ह्यात घाटावर जे राहतात, त्यांना संध्याकाळी तरी जरा वारं मिळतं. आम्ही घाटाखालचे. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कुलरमध्ये पाणी ओतत दिवस काढायचा, एवढंच काम.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी खामगावला घरून काम करत होतो. दुपारी दोनला एक मीटिंग संपली, दुसरी अडीचला होती. पारा ४४ च्या पुढे. जेवण झालेलं होतं, आईने केलेलं वरण, भात, पोळी, कैरीचं पन्हं, सगळं. तरी मनात आलं, थंडगार फालुदा हवा. मोबाइल हातातच होता. बटण दाबलं आणि मीटिंगला बसलो.

चाळीस मिनिटांनी दार वाजलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, तोंडाला रुमाल, डोळे लालभडक. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, "भाऊ, थोडं विरघळलं असंल. रेटिंग कमी नका देऊ." मग जरा थांबून म्हणाला, "पाणी भेटन का?" तो ओट्यावर बसला आणि पाच-दहा मिनिटं उठलाच नाही. आईने आधी पाणी दिलं, मग मीठ-साखर घातलेलं पाणी दिलं, डोक्यावर ओला पंचा टाकला. तो गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "तुले भूक लागली होती, का लहर आली होती?"

मी उत्तर दिलं नाही. आजचं मनन म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

वचन काय सांगतं?

दावीद अदुल्लामच्या गुहेत आहे. दिवस सुगीचे आहेत. तिकडे सुगी म्हणजे पाऊस थांबून ऊन तापायला लागल्याचे दिवस. त्याचं स्वतःचं गाव बेथलेहेम, आणि तिथे पलिष्ट्यांचं ठाणं बसलेलं. अशा वेळी त्याला गावच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी आठवतं, आणि कोणी ते आणून देईल तर किती बरं होईल, असं तो बोलून जातो. पुण्यात हिंजवडीला बसून आपल्याला शेगावची कचोरी आठवते ना, तसंच. गुहेत पाणी नव्हतं असं वचन म्हणत नाही. त्याला त्या विहिरीचंच पाणी हवं होतं.

तिघा वीरांनी ते ऐकलं. ते पलिष्ट्यांची छावणी भेदून गेले, पाणी शेंदलं आणि परत आले. अदुल्लाम ते बेथलेहेम अंतर साधारण २० किलोमीटर, आणि तेवढंच परत. दाविदाच्या हातात पाणी आलं, पण तो ते प्यायला नाही. जीव धोक्यात घालून गेलेल्या माणसांचं रक्त आपण कसं प्यावं, या अर्थाचं बोलून त्याने ते परमेश्वरापुढे ओतलं.

लहानपणी संडे स्कूलमध्ये हा भाग ऐकताना मला वाटायचं, एवढ्या कष्टाने आणलेलं पाणी वाया का घालवलं? त्या तिघांना काय वाटलं असेल? आता वाटतं, दाविदाने त्यांचा मान वाढवला. जे पाणी फक्त देवाला वाहण्याच्या लायकीचं आहे, ते माझ्या घशासाठी नाही, असं तो म्हणाला.

१. दाविदाने हुकूम दिला नव्हता

हे नीट पाहा. तो फक्त बोलला होता. "मी कुठे कोणाला पाठवलं? ते स्वतःहून गेले," असं तो म्हणू शकला असता. आपणही हेच म्हणतो. मी कोणाला जबरदस्ती केली? ॲपमध्ये ऑर्डर टाकली, ज्याला घ्यायची त्याने घेतली.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून या जागी मला गप्प बसता येत नाही. आमच्या कामात एक शब्द आहे, ॲबस्ट्रॅक्शन. आतलं गुंतागुंतीचं काम झाकायचं आणि वापरणाऱ्याच्या हातात एक सोपं बटण द्यायचं. चांगलीच गोष्ट आहे ती, माझी रोजीरोटी त्यावर चालते. पण त्या बटणामागे काय काय झाकलं जातं? तापलेली टाकी, डांबरातून येणारी वाफ, हॉटेलबाहेर उन्हातली वाट पाहणी. माझ्या स्क्रीनवर दिसते ती नकाशावर सरकणारी छोटीशी गाडी. त्या गाडीला ऊन लागत नाही.

आणि ते तिघे वीर दाविदावरच्या प्रेमापोटी गेले होते. आपल्या दारात येणारा मुलगा आपल्याला ओळखतही नाही. तो जातो कारण पैसे ऑर्डरमागे मिळतात, आणि ऑर्डर नाकारली तर आजची कमाई कमी होते. त्याचं "हो" त्या वीरांच्या "हो" इतकं मोकळं नाही. म्हणून आपली जबाबदारी दाविदापेक्षा कमी नाही, जास्तच आहे.

२. मग ऑर्डरच बंद करायच्या का?

हा प्रश्न मी आमच्या मंडळीच्या तरुण संघात मांडला. तिथे एक भाऊ स्वतः डिलिव्हरीचं काम करतो. तो म्हणाला, "तुम्ही सगळे दयाळू होऊन दुपारच्या ऑर्डरी बंद कराल, तर मी घरी काय नेऊ?" सगळे गप्प झालो.

जून २०२४ मध्ये झोमॅटोने स्वतःच ग्राहकांना विनंती केली होती की, अगदी गरज नसेल तर भर दुपारी ऑर्डर टाळा. तेव्हाही असाच वाद झाला. काहींना विनंती पटली. काही म्हणाले, कंपनीने दुपारी सेवाच बंद ठेवावी, सगळा भार ग्राहकाच्या मनावर का? आणि काहींनी विचारलं, त्या मुलांच्या पोटाचं काय? यातला एकही प्रश्न खोटा नाही.

इथे मला दाविदाचीच दुसरी गोष्ट मदत करते. शौलापासून पळताना तो नोब गावी अहीमलेख याजकाकडे गेला. तो आणि त्याची माणसं भुकेली होती. तिथे फक्त पवित्र भाकर होती, जी याजकांनीच खायची. दाविदाने ती मागितली आणि घेतली. आपल्या प्रभूने मार्क २ मध्ये या गोष्टीची आठवण करून दिली, ती दाविदाला दोष देण्यासाठी नाही.

माणूस तोच. भूक होती तेव्हा त्याने पवित्र भाकरही घेतली. लहर होती तेव्हा साधं पाणीसुद्धा नाकारलं. आईचा प्रश्न नेमका हाच होता.

घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, कोणी आजारी आहे, बाळंतीण आहे, दवाखान्यात रुग्णाजवळ कोणी बसलं आहे, तर जरूर मागवा आणि अपराधी वाटून घेऊ नका. त्या मुलाचं काम म्हणजे त्या वेळी खरी सेवा आहे. पण घरात जेवण तयार असताना, कुलरसमोर बसून मला फालुदा हवा होता. तो मी संध्याकाळी सातला मागवला असता तर त्या मुलाला पैसे तेवढेच मिळाले असते आणि ऊन लागलं नसतं. म्हणजे बहुतेक वेळा ऑर्डर बंद करायची नसते, वेळ बदलायची असते.

३. कठडा कोणी बांधायचा?

अनुवाद २२:८ मध्ये एक छोटा नियम आहे. नवीन घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. आपल्या वऱ्हाडात मातीच्या धाब्याची घरं होती, उन्हाळ्यात सगळं घर वर झोपायचं. आजीच्या घरी मीही झोपलो आहे, त्यामुळे हा नियम मला लगेच समजतो. पाय पाहुण्याचा घसरतो, पण देव घरमालकाला विचारतो.

आपल्या ऑर्डरीचा कठडा म्हणजे काय? साध्या गोष्टी आहेत:

- ऑर्डरच्या आधी हवामान बघा. भारतीय हवामान विभाग जिल्ह्यानुसार पिवळा, नारिंगी, लाल इशारा देतो. मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंश नोंदलं गेलं की उष्णतेची लाट, ४७ झालं की तीव्र लाट धरतात. लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर अकरा ते चार लहरीची ऑर्डर नको.
- पावसाळ्यातही हेच. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने काय झालं, ते आपण विसरलो नाही. पुलावरून पाणी जात असेल, विजा पडत असतील, तर आपल्या जेवणासाठी कोणाला त्यातून यायला लावू नका.
- मागवलंच तर खाली उतरा, गेटवर जा. तिसऱ्या मजल्यावर बोलावू नका. थंड पाणी तयार ठेवा. उशिराबद्दल बोलू नका.
- बक्षिशी द्या, आणि त्याच वेळी हातात द्या. अनुवाद २४:१५ म्हणतं, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशाकडे लागलेलं असतं. पण पैसे दिले म्हणून त्याचं ऊन विकत घेण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. बक्षिशी हा कठडा नाही.
- दारात कोणी बरळायला लागला, चक्कर आली, अंग तापून आग झालं, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

हे शेवटचं मी वरवर लिहीत नाही. २ राजे ४ मधला शूनेमकरिणीचा मुलगा आठवा. कापणीच्या दिवसांत शेतात बापाकडे गेला, डोकं दुखतं म्हणून ओरडला आणि दुपारपर्यंत आईच्या मांडीवर गेला. अलीशाच्या प्रार्थनेने देवाने त्याला उठवलं. आमच्या ओट्यावर बसलेला मुलगाही कोणाच्या तरी मांडीवर वाढलेला होता. मी त्याचं नाव ॲपवर वाचलं होतं, आणि मीटिंग संपेपर्यंत विसरलो होतो.

खोटं का बोलू, तो फालुदा मी संध्याकाळी खाल्ला. दाविदासारखा ओतला नाही. ओतून त्या मुलाचं ऊन कमी झालं नसतं, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते खरंही आहे. पण दाविदाच्या गोष्टीत त्यानंतर कोणी त्या विहिरीकडे पाणी आणायला गेल्याचं लिहिलेलं नाही. मला वाटतं, त्या दिवसानंतर दावीद आपल्या माणसांसमोर लहरीने बोलताना जपून बोलला असेल. मला एवढं तरी जमावं.

मननासाठी

१. या आठवड्यात मी जे मागवलं, त्यात भूक किती आणि लहर किती?
२. माझ्या सोयीसाठी कोण उन्हात उभं असतं? दूधवाला, कुरिअरवाला, भाजीवाली, गॅसवाला?
३. माझ्या घराचा कोणता कठडा बांधायचा राहिला आहे?

प्रार्थना

हे प्रभू, माझ्या हातातल्या वस्तूमागचा माणूस मला दिसू दे. माझी लहर कोणाच्या जिवावर भारी पडू देऊ नको. जे आज पोटासाठी उन्हात आणि पावसात गाडी चालवत आहेत, त्यांना सुखरूप घरी ने, त्यांच्या कष्टाचा पूर्ण मोबदला त्यांना मिळू दे. स्तोत्र १२१ आम्ही प्रवासाला निघताना आमच्यासाठी म्हणतो. आज ते मी त्या मुलासाठी म्हणतो, ज्याला मी दोन वाजता बोलावलं होतं. आमेन.