यीशिंगची चहादाणी : मुद्रा आणि पुरावा

प्रश्न : माझ्या संग्रही यीशिंगची बिनझिलईची तांबूस चहादाणी असून तिच्या तळाशी मिंगकालीन कुंभार शी दाबिन याची मुद्रा आहे. ती अस्सल मानावी काय?

उत्तर : केवळ मुद्रेच्या दाखल्यावर असा निवाडा करणे धोक्याचे आहे, कारण ज्याची कीर्ती एवढी दिगंत पसरली, त्याच्या नावाची नक्कल पुढील पिढ्यांनी निःसंकोच केली, आणि १९३०च्या दशकात शांघायच्या व्यापाऱ्यांनी तर गू जिंगझोऊसारख्या निष्णात कुंभाराकडून जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. म्हणून प्रथम घडण पाहावी : ही माती परंपरेने चाकावर न चढविता, थापून केलेल्या पट्ट्या जोडून भांडे उभारले जात असल्यामुळे, आतील सांध्याची खूण बारकाईने न्याहाळावी, आणि मगच चोच, मूठ व झाकण यांची प्रमाणबद्धता नानजिंग येथील वू जिंगच्या १५३३ सालच्या थडग्यात मिळालेल्या चहादाणीसारख्या कालनिश्चित नमुन्यांशी ताडावी. पृष्ठभागावरील तकाकीवर मात्र भिस्त ठेवू नये. ती कृत्रिम उपायांनीही आणता येते. निर्णय होईपर्यंत साबण वर्ज्य समजावा, कारण सच्छिद्र माती त्याचा वास धरून ठेवते. आणि मुद्रा खोटी ठरली तरी घडण उत्तम असेल, तर भांडे अवश्य जतन करावे.