न पाहिलेल्या ग्राहकास

मुलांनो, दुकानात गेलेला ग्राहक वस्तू हाती घेऊन पाहतो. शंका आली, तर दुकानदारास विचारतो. कंपनीच्या संकेतस्थळावर माल पाहणाऱ्यास मात्र हे साधत नाही. तेथे त्याला चित्रावर आणि शब्दांवरच विसंबावे लागते. म्हणून तो मजकूर लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी असते.

सोलापुरी चादरीचे उदाहरण घ्या. समजा, एकाने लिहिले, ‘आमची चादर जगात अद्वितीय आहे.’ दुसऱ्याने लिहिले, ‘चादर सुती आहे. लांबी ९० इंच, रुंदी ६० इंच. पहिल्या धुण्यात थोडा रंग जाईल. म्हणून ती वेगळी धुवावी.’ पहिल्या वाक्यात डौल आहे, पण माहिती नाही. दुसऱ्याने उणीवही लपविली नाही. म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. ती लपविली असती, तर एक चादर खपली असती. पण घरचे इतर कपडे रंगताच ते गिऱ्हाईक कायमचे तुटले असते.

असे लेखन करताना वाक्ये लहान असावीत. ग्राहकास हवी ती गोष्ट आधी सांगावी. माप, वजन व किंमत आकड्यांत द्यावी. एका वस्तूस सर्वत्र एकच नाव वापरावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु सज्जनास दंडाचे भय कशाला हवे? ज्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यास फसवू नये, एवढे त्यास पुरे.

स्वाध्याय : घरातील एका वस्तूचे वर्णन पाच वाक्यांत लिहा. त्यात तिची एक उणीवही सांगा.