पुराची पिशवी कुठे ठेवावी?



परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी प्रश्न घातला, "अचानक घर सोडावे लागले तर कोणकोणत्या वस्तू लागतील?" आम्ही भराभर हात वर केले. बॅटरी, काडेपेटी, औषधे, चणे-गूळ, पाणी, रेशनकार्ड. गुरुजींनी सगळे फळ्यावर लिहिले आणि मग विचारले, "या वस्तू तुमच्या घरी नेमक्या कुठे आहेत?" वर्ग एकदम गप्प झाला. माझाही हात खाली गेला. कारण आमच्या घरी या सगळ्या वस्तू होत्या, २०१९ सालीही होत्या, पण त्यांचा काही उपयोग झाला नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका धरतात, यावरून पाणी किती ते समजावे. मी तेव्हा लहान होते, पण आमच्या गावात रात्री पाणी शिरले ते मला आठवते. लाईट गेलेली. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कॉटखालच्या ट्रंकेत होत्या. बाबांनी अंधारात पाण्यात हात घालून चाचपले, पण ट्रंकेची कडी काही सापडेना. बाहेर ट्रॅक्टरवाले हाका मारत होते. शेवटी तसेच निघालो. माळावर जिथे सगळे गाव थांबले होते तिथे आजीला तीन दिवस गोळी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी ती चक्कर येऊन बसकण मारून खाली बसली. नशिबाने त्याच दुपारी डॉक्टर पोचले. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर गोळ्या तिथेच होत्या आणि रेशनकार्डाचा लगदा झाला होता.

म्हणून या वेळी मी जागा नीट शोधायची ठरवली. आमच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. रंग देताना बाबांनी ती मुद्दाम ठेवली. शाळेचा टेप नेऊन मोजली, तर जमिनीपासून ४ फूट २ इंच भरली.

पहिल्यांदा वाटले, माळाच बरा. पण आजी म्हणाली, "माळ्यावर जड काय ठेवू नगंस, पोरी." तिचे माहेर पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. फडताळातली पितळी भांडी झोपलेल्या माणसांच्या अंगावर पडली, हे ती अजून सांगते. दुसरे म्हणजे आमच्यावर पत्रा आहे. उन्हाळ्यात माळ्यावर इतके तापते की मेणबत्त्या वाकून गेल्या. गोळ्यांच्या पाकिटावर तर थंड व कोरड्या जागी ठेवा असे लिहिलेले असते. आणि शिडी चढून आजी वर जाणार कशी?

आईने स्वयंपाकघर सुचवले. तिथे वाफ आणि ओल, काडेपेटी सर्दावते. देवघरात समई. मागच्या खोलीचे दार पावसाळ्यात फुगते, ते बाबांना खांद्याने ढकलावे लागते, मग घाईच्या वेळी काय उघडणार?

राहिला पुढचा दरवाजा. तिथे बिजागरीच्या बाजूला, दार उघडले तरी त्याच्या मागे जाणार नाही अशी जागा पाहिली. आजीला हात वर करून उभे केले. तिची बोटे ५ फूट ८ इंचांपर्यंत पोचली, म्हणून खुंटी साडेपाच फुटांवर ठोकली. पिशवी एक फूट खाली लोंबते, म्हणजे तिचा तळ साडेचार फुटांवर येतो, रेघेच्या वर ४ इंच. दादा म्हणाला, पाणी त्याच्याही वर आले तर? अहो, एवढे पाणी चढायच्या आधी आपण निघालेलो असणार की!

मग डोळे मिटून पाहिले. अंथरुणातून उठून पिशवी हातात यायला मला सात पावले लागली. आजीला अकरा.

पाण्याची कॅन खुंटीला पेलत नाही, ती दाराशेजारच्या कट्ट्यावर झाकण घट्ट लावून ठेवली आणि पिशवीत एकच बाटली घातली. रेशनकार्डाची झेरॉक्स, आजीच्या आठवड्याच्या गोळ्या आणि काडेपेटी घट्ट झाकणाच्या बरणीत आहेत. बॅटरीतले सेल काढून शेजारी ठेवले, कारण आत राहिले तर ते पाझरतात आणि बॅटरी खराब होते. साखर-मिठाची पुडीही घातली आहे. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायचे. चमचा चहाचा, मोठा नव्हे.

दाराजवळच्या जागेत एक खोट निघाली. येता-जाता सगळ्यांचा हात पोचतो. महिनाभरात चणे दोनदा संपले. दादा नाही म्हणतो, पण त्याच्या दप्तरात टरफले सापडली. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शाळेतून आल्यावर मी पिशवी उतरवते, गोळ्यांवरची तारीख वाचते, जुन्या गोळ्या आजीला देऊन नव्या आत घालते आणि चणे पुन्हा भरते. गूळ मात्र बरणीत सगळ्यात खाली दडवला आहे.