कीटकनाशके आणि श्रमिकांचे श्वसनारोग्य

जबलपूर येथे १९८९ साली राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. तणनाशकांमुळे निंदणीचे श्रम कमी झाले, मात्र फवारणी करणाऱ्या मजुराच्या आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. पॅराक्वाट हे तणनाशक शरीरात शिरल्यास फुप्फुसांत साठून तेथील ऊती तंतुमय करते. त्यावर उतारा नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांमुळे श्वासनलिका आकुंचन पावून स्रावाने भरतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये संरक्षक कपडे, श्वसनसाधने व वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. ती शेताच्या बांधापर्यंत पोहोचणे, हीच अंमलबजावणीची खरी कसोटी होय.