तपासणी ‘निल’, तरी मूत्राशय का दुखते?

प्रश्न : मी ४२ वर्षांची आहे. आठ महिन्यांपासून लघवी साठली की ओटीपोटात दुखते, करून आल्यावर बरे वाटते. तीनदा कल्चर केले, जंतू नाहीत. तरी अँटिबायोटिक झाली. जंतू लपून बसलेत का?
– एक वाचक, मरोदा, भिलाई

उत्तर : नेहमीचे कल्चर ई-कोलायसारखे झपाट्याने वाढणारे जंतू शोधण्यासाठी असते, हळू वाढणारे त्यातून निसटतात. मात्र जंतू सापडणे म्हणजे आजार नव्हे. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये विस्तारित कल्चर वापरून दाखवले की त्रास नसलेल्या स्त्रियांच्या मूत्राशयातही जिवंत जंतू असतात. लॅक्टोबॅसिलससारखे काही बहुधा उपकारकच.

तुमची लक्षणे ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’शी, म्हणजे मूत्राशयाच्या दीर्घकालीन वेदनेच्या आजाराशी, जुळतात. त्याला कारणीभूत असा एकच जंतू सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत या आजारावर झालेल्या ‘मॅप’ अभ्यासात त्रास उफाळलेल्या काळात लघवीत बुरशी अधिक आढळली. ती कारण की परिणाम, हे ठरलेले नाही. म्हणून पुराव्याशिवाय अँटिबायोटिक घेत राहू नका. उपकारक जंतूही मरतात.

आधी खडा, गाठ आणि मूत्रमार्गाचा क्षयरोग नाही ना, हे तपासायला हवे. क्षयात लघवीत पू-पेशी असूनही साधे कल्चर निल येते. भिलाईतील सेक्टर ९ चे रुग्णालय किंवा रायपूरचे एम्स येथे मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. तीन दिवस पाणी आणि लघवीची वेळ व प्रमाण लिहून न्या. चहा, तिखट, आंबट कमी करून पाहा. उन्हाळ्यात पाणी कमी करू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि वेदनेवरील औषधे अनेकींना उपयोगी पडतात. लघवीत रक्त किंवा ताप असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.